सावलीत ठेवलेला उष्णतामापक

मित्रांनो, ऊन किती आहे हे सांगण्यापलीकडे ज्याला काहीच येत नाही, असा मी एक म्हातारा उष्णतामापक आहे. माझ्या डोक्यावर लिंबाएवढा काळा, पोकळ गोळा आहे. त्याच्या शेजारी दोन बारीक नळ्या आहेत. त्यांतल्या एकीवर सुती वात चढवलेली असते आणि ती सतत ओली ठेवावी लागते. गोळा ऊन पितो, ओली वात हवेतला दमटपणा ओळखते, उरलेली नळी नुसती हवा मोजते. तिघांचे मिळून एकच उत्तर माझ्या पडद्यावर उमटते.

घरातल्या साध्या थर्मामीटरला घामातले काही कळत नाही. मला कळते. हवा इतकी ओलसर असेल की माणसाच्या अंगावरचा घाम वाळतच नाही, तर थर्मामीटर छत्तीस म्हणो की सदतीस, मी तेहतीस दाखवतो. माझे तेहतीस म्हणजे माणसाने हातातले काम खाली ठेवून सावलीला जाण्याची वेळ. मला एवढेच सांगता येते. खोटे सांगता येत नाही. ती विद्या मी पुढे शिकल्यासवरल्या लोकांच्या हाती पाहिली.

कारखान्यात मला गरम पेटीत ठेवून तपासले, थंड पेटीत ठेवून तपासले आणि माझ्या नावाचे एक प्रमाणपत्र छापले. मग मला स्पंजाच्या खोबणीत निजवून कतारला पाठवले. अल वक्र्याच्या बाहेर समुद्राच्या अंगाला मोठ्या गोदामांचे बांधकाम चालू होते. तिथे तिपाईवर, भर उन्हात, मी उभा राहिलो.

तुम्ही इथेच कतारमध्ये वाढणारी मुले; इथला नियम तुम्हाला माहीत असेल, कारण तुमचे आईबाबा उन्हाळ्यात जेवताना त्याविषयी बोलत असतील. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायचे नाही. पण नियम तेवढाच नाही. बाकीच्या कुठल्याही वेळी माझा आकडा बत्तीस पूर्णांक एकच्या वर गेला, तर काम थांबलेच पाहिजे. मग सकाळचे आठ वाजलेले असोत की संध्याकाळचे पाच. म्हणजे माझ्या शब्दावर शंभर-दीडशे माणसे थांबत असत. मला त्याचा अभिमान होता. आता वाटते, अभिमान बाळगण्याइतका मी मूर्ख होतो.

पहिली दोन वर्षे बरी गेली. तेव्हाचा सुरक्षा अधिकारी केरळचा, निवृत्तीला आलेला माणूस होता. तो रोज पहाटे माझी वात स्वतः भिजवायचा. आकडा चढला की शिट्टी वाजवायचा आणि फोरमनशी वाद न घालता निघून जायचा. सुरक्षा सप्ताहात माझ्या शेजारी उभे राहून मोठ्या साहेबांनी फोटो काढून घेतले. एका वर्षी तर माझ्या आकाराचा केक कापला. केकवरचा माझा काळा गोळा चॉकलेटचा होता आणि तो अरुणकुमार साहेबांनी खाल्ला.

अरुणकुमार साहेब प्रकल्प व्यवस्थापक होते. पुण्याचे. गोड बोलणारे, कुणावर आवाज न चढवणारे. दरवर्षी त्यांच्या घरी गणपतीला दोनशे माणसे जेवायची आणि साहेब स्वतः वाढायचे. अशा माणसाला वाईट कोण म्हणेल? मी म्हणतो. मला कुणाच्या पंगतीला बसायचे नाही.

केरळचा म्हातारा घरी गेला आणि त्याच्या जागी पियूष आला. नाशिकचा, तिशीतला, तीन सर्टिफिकेटे घेतलेला. बायको नुपूर, शाळेत जाऊ लागलेली मुलगी ईरा, आणि अल रय्यानमध्ये कंपनीने दिलेले घर. माणूस हुशार होता. माझी सगळी बटणे त्याला ठाऊक होती. मी दर दहा मिनिटांनी माझा आकडा पोटात नोंदवून ठेवतो, हेही त्या अख्ख्या साइटवर फक्त त्यालाच ठाऊक होते. हुशारीची कमतरता त्याच्याकडे कधीच नव्हती. दुसऱ्या एका गोष्टीची होती.

त्या वर्षी काम मागे पडले. जुलैच्या अखेरीस समुद्रावरून ओली हवा येऊ लागली आणि मी सकाळी साडेसात-आठलाच बत्तीसच्या वर जाऊ लागलो. दहानंतर नियमाने काम बंद, आणि दहाच्या आधी माझ्यामुळे बंद. अरुणकुमार साहेबांनी पियूषला केबिनमध्ये बोलावले. मी तेव्हा वात बदलण्यासाठी टेबलावर होतो, म्हणून सगळे ऐकले.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी पियूषला चहा दिला, ईराची शाळा कशी चालली आहे ते विचारले, त्याचे काँट्रॅक्ट नव्याने करण्याचे दिवस जवळ आल्याची आठवण दिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाजूक वस्तू आहे रे. एवढ्या धुळीत उन्हात कशाला उभी करतोस? आत ठेव."

एवढेच. 'खोटे लिही' असे त्यांनी म्हटले नाही. तशी माणसे तसे कधीच म्हणत नाहीत. पियूषने माझी वात भिजवली नाही. त्याने मला उचलून फायलींच्या कपाटावर ठेवले. वर एअरकंडिशनर होता आणि त्याची गार हवा थेट माझ्या गोळ्यावर येत होती. मी खाली उतरत गेलो, पंचवीस, बावीस, वीस. पियूषने रजिस्टर उघडले, माझ्याकडे न पाहता 'तीस पूर्णांक आठ' लिहिले आणि खाली सही केली. अक्षर फार सुरेख होते.

त्या दिवसापासून मी तिथेच राहिलो. रोज सकाळी रजिस्टरमध्ये एकतीसच्या आसपासचा एखादा आकडा पडायचा. कधी तीस पूर्णांक सहा, कधी एकतीस पूर्णांक तीन. एकसारखे आकडे दिसू नयेत म्हणून पियूष विचार करून लिहायचा. बाहेर माणसे दहा वाजेपर्यंत स्लॅबवर असायची. खिडकीतून मला ती दिसायची.

त्या माणसांत अब्बास होता. बीड जिल्ह्यातल्या धारूरजवळच्या खेड्यातला, चौतीस वर्षांचा, स्लॅबच्या सळया तारेने बांधणारा. घरी तो दखनी बोलायचा, बाहेर मराठी. साइटवर मराठी बोलणारा सुरक्षा अधिकारी आला याचा त्याला झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिला आहे. पियूष दिसला की तो हातातला तार पिळायचा आकडा खाली ठेवून सलाम करायचा आणि माझी चौकशी करायचा. माझे नाव त्याने काळूराम ठेवले होते. "साहेब, काळूराम काय म्हणतो आज?" हा त्याचा रोजचा प्रश्न. फोरमनच्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. पियूषच्या शब्दावर होता, कारण पियूष आपल्याकडचा.

एका सकाळी नऊच्या सुमाराला अब्बास पाणी पिण्यासाठी केबिनच्या दारापर्यंत आला. त्याचा शर्ट पिळून वाळत घातल्यासारखा दिसत होता. त्याने दारातूनच विचारले, "साहेब, आज हवा लई भिजल्यावानी झालीय. डोकं गरगरायलंय. काळूराम काय म्हणतो?"

मी कपाटावरच होतो. दार उघडे होते. त्याने मान वर केली असती तर त्याला मी दिसलो असतो. पण त्याने माझ्याकडे पाहिले नाही, तो पियूषकडेच पाहत होता. पियूष म्हणाला, "एकतीस आहे. अजून तासभर काढ, मग दहा वाजतातच."

अब्बास परत स्लॅबवर गेला. तो ज्या भरवशाने गेला, तो मला अजून विसरता येत नाही. वीस मिनिटांनी बाहेर आरडाओरडा झाला. चौघांनी त्याला उचलून आणले. तो काहीबाही बडबडत होता, आणि त्याचे अंग इतके तापले होते की धरणाऱ्याने हात बदलला. ॲम्ब्युलन्स आली आणि गेली.

त्याच दुपारी केबिनमध्ये अहवाल तयार झाला. कामगार सकाळी न जेवता आला होता. कामगार पुरेसे पाणी पीत नव्हता. कामगाराची प्रकृती आधीपासून नाजूक असावी. नऊ वाजून दहा मिनिटांनी मापकाचा आकडा एकतीस पूर्णांक दोन, म्हणजे मर्यादेच्या आत. अरुणकुमार साहेबांनी इंग्रजीतल्या दोन चुका सुधारल्या. 'बिचारा' हा शब्द त्यांनी तीन वेळा उच्चारला. मित्रांनो, एखाद्याला बिचारा म्हणणाऱ्या माणसाच्या हातात त्या वेळी कोणता कागद आहे, हे नेहमी पाहून घ्यावे.

पुढचे काही प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. ते मला नंतर कळले, कारण नंतर मी अशा घरात आलो की जिथे माणसे येऊन आपली हकिकत सांगतात.

अब्बास वाचला, पण उष्णतेने त्याची मूत्रपिंडे कायमची अधू झाली. तो दवाखान्यात असतानाच पियूष त्याला भेटायला गेला. हातात फळांची पिशवी होती आणि फाइलमध्ये एक कागद होता. कागद अरबी आणि इंग्रजीत होता. त्यात लिहिले होते की मी तब्येतीच्या जुन्या तक्रारींमुळे स्वखुशीने नोकरी सोडत आहे आणि कंपनीकडून माझे काहीही मागणे नाही. कंपनीने पियूषलाच का पाठवले ते तुम्हाला कळले असेल. त्याला मराठी येत होते.

"यात काय लिवलंय साहेब?" अब्बासने विचारले.

"तुझी घरी जायची सोय आहे," पियूष म्हणाला. अब्बासने सही केली आणि त्याचे आभारही मानले.

दवाखान्यातून सुटून अब्बास कामगारांच्या वसतिगृहात परतला. आठवडाभराने त्याचे विमान होते. तिथे गोदामाचा स्टोअरकीपर हारिस त्याच्या खोलीत राहायचा. हारिसला इंग्रजी वाचता येत होते. त्याने कागदाची प्रत वाचून अर्थ सांगितला, तेव्हा अब्बासने ती प्रत घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला की साहेबांना बी ठाऊक नसेल आत काय लिवलंय.

हारिस त्याला आधी एका सल्लागाराकडे घेऊन गेला. काचेचे दार, चामड्याचे कोच, भिंतीवर सोनेरी चौकटी. सल्लागाराने प्रकरण ऐकण्याआधी आपली फी सांगितली. ती ऐकून दोघे उठले. कायदा अब्बासच्या बाजूचा होता, कामगाराला तक्रार करायला सरकारी फीसुद्धा नव्हती. पण त्या कायद्यापर्यंत जायचा रस्ता अरबीत होता, आणि रस्त्याच्या तोंडाशी असे दुकान थाटून बसलेली माणसे होती. ती स्वतःला न्यायाची सेवक म्हणवतात. उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीला कुलूप लावून किल्ली विकणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल, तेच मी त्यांना म्हणतो.

मग हारिसला कुणीतरी अल नस्र वस्तीतला पत्ता दिला. शिंप्याच्या दुकानावर तिसरा मजला. तिथे कमलिनीताई राहतात. नाशिकच्या कामगार न्यायालयात त्यांनी बारा वर्षे वकिली केली होती. नवऱ्याच्या गॅस कंपनीतल्या नोकरीमुळे त्या इथे आल्या आणि इथे त्यांना न्यायालयात उभे राहता येत नाही. म्हणून दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्या आपल्या बैठकीच्या खोलीत टेबल मांडतात आणि येईल त्याचा अर्ज लिहून देतात. कोपऱ्यात जियाद बसतो. तो एका टायपिंग सेंटरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ताईंच्या मजकुराचे अरबी करून देतो. ताई घेतात ते कागदाचे आणि शाईचे, तेही ज्याला जमेल त्याच्याकडून. अल नस्रमधल्या त्यांच्या मैत्रिणी त्यांना कौतुकाने समाजसेविका म्हणतात आणि शुक्रवारी त्यांच्याकडे यायचे टाळतात. जिन्यात कामगारांच्या चपला असतात ना!

ताईंनी अब्बासला पाणी दिले आणि सगळे सांगायला लावले. मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटले नाही. सही कोणी घेतली, कुठे घेतली, तेव्हा अंगात ताप होता का, कागद कोणत्या भाषेत होता, हे विचारून त्या लिहीत राहिल्या. पियूषचे नाव आले तेव्हा अब्बास म्हणाला की त्यांचं नाव नका घालू, ते आपले आहेत.

"आपला म्हणूनच पाठवला त्याला," ताई म्हणाल्या आणि नाव लिहिले.

तक्रार दाखल झाली, अब्बासचे विमान रद्द झाले आणि प्रकरण कामगार विवाद समितीकडे गेले. कंपनीने रजिस्टर पुढे केले. ऑगस्टमधल्या एकाही सकाळी आकडा मर्यादेच्या वर नव्हता, आणि प्रत्येक पानावर सही होती. ताईंकडे रजिस्टरच्या विरुद्ध दाखवायला काही नव्हते.

त्यानंतरच्या शुक्रवारी रांग संपत आली असताना एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस दारात उभा राहिला. तो आत आला नाही, दिलेल्या खुर्चीवर बसला नाही. त्याने नाव सांगितले नाही, पण अब्बासने केलेल्या वर्णनावरून ताईंनी त्याला ओळखले.

"रजिस्टर मागत बसू नका," पियूष म्हणाला. "मीटर मागा. आत मेमरी असते."

ताईंनी विचारले, हे समितीसमोर सांगाल का? तो म्हणाला की काँट्रॅक्ट आत्ताच रिन्यू झाले आहे, मुलीची शाळा आहे, मी इथे आलोच नव्हतो असे समजा. ताईंनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाल्या, "मग जिना उतरताना चपला जपून ओलांडा. त्या सगळ्या काँट्रॅक्टवाल्यांच्याच आहेत."

तो गेला. लोक अशा माणसाविषयी म्हणतात की त्याचा विवेक जागा झाला. मला विचाराल तर त्याने कूस बदलली, एवढेच.

समितीने मला मागवले. अरुणकुमार साहेब निर्धास्त होते. त्यांनी मला पुसून घेतले, नवी वात चढवायला सांगितली, माझे प्रमाणपत्र फाइलीत लावले. मला पेटीत ठेवता ठेवता त्यांनी पियूषला सहज विचारले, "यात काही साठून राहत नाही ना?"

पियूषच्या हातात माझी तिपाई होती. त्याने तिचे पाय मिटवले. "नाही सर," तो म्हणाला. "फक्त चालू आकडा दाखवतो."

मी त्याच्या तोंडून कित्येक खोटी वाक्ये ऐकली होती. हे एकच कुणाच्या कामाला आले.

सुनावणीच्या दिवशी मी एका लांब टेबलावर होतो. एका बाजूला कंपनीचा वकील, अरुणकुमार साहेब आणि त्यांच्या मागे पियूष. दुसऱ्या बाजूला अब्बास, हारिसचा शर्ट घालून आलेला. ताईंना आत येता येत नव्हते, त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. ताईंनी लिहिलेला आणि जियादने टाइप केलेला अर्ज समितीपुढे होता, आणि त्यात एकच मागणी होती: मापकाची आतली नोंद वाचावी.

समितीच्या तज्ज्ञाने मला वायर जोडली. अरुणकुमार साहेबांनी मान वळवून पियूषकडे पाहिले. पियूष समोरच्या भिंतीकडे पाहत होता. तज्ज्ञाने तारीख काढली, वेळ काढली आणि आकडा मोठ्याने वाचला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे, एकोणीस पूर्णांक चार.

अध्यक्षांनी रजिस्टर जवळ ओढले आणि त्यातला एकतीस पूर्णांक दोन हा आकडा वाचला. मग चष्मा काढून त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारले. दुभाष्याने त्यांचे वाक्य अब्बाससाठी हिंदीत सांगितले: "ऑगस्टमध्ये अल वक्र्यात हिवाळा होता का?"

वकील म्हणाला की त्या दिवशी मापक चार्जिंगसाठी आत ठेवला असेल. तज्ज्ञाने मागची-पुढची पाने उलगडली. अठरा, एकोणीस, वीस. दिवसामागून दिवस, पहाट ते संध्याकाळ, एकसष्ट दिवस. बाहेरचे ऊन माझ्या पोटात कुठेच नव्हते. मी अब्बासवर काय बेतले याचा एकही आकडा देऊ शकलो नाही. मी फक्त एवढेच सांगू शकलो की मला कुठे ठेवले होते. पण तेवढे पुरले.

निकाल अब्बासच्या बाजूने लागला. रजिस्टर विश्वासार्ह नाही, इजा कामावरच झाली, तापात घेतलेली सही धरता येत नाही. कंपनीला भरपाई द्यावी लागली आणि उपचार पूर्ण होईपर्यंत अब्बासला इथे ठेवावे लागले. मग तो गावी गेला. आता त्याची बायको अनम अंगणवाडीत काम करते आणि तो मेहुण्याच्या दुकानात सावलीत बसून असतो. डॉक्टरांनी त्याला उन्हात राबायला कायमचे बंद केले आहे. न्याय मिळाला, असे ताईंच्या मैत्रिणी म्हणाल्या. मूत्रपिंडांबद्दल कुणी बोलले नाही.

अरुणकुमार साहेबांचे काय झाले, हे ऐकायला तुम्ही उत्सुक असाल. त्यांची दुसऱ्या, मोठ्या प्रकल्पावर नेमणूक झाली. यंदाही त्यांच्याकडे गणपती बसला. उकडीचे मोदक फार छान झाले होते म्हणे.

मला पाकिटात घालून कंपनीकडे परत पाठवले, कंपनीने भंगारात टाकले. तिथून हारिसने मला उचलले आणि ताईंकडे नेऊन दिले. ताईंनी जुन्या सुती साडीची पट्टी कापून माझी वात केली आणि मला बाल्कनीत, पूर्ण उन्हात उभे केले. शुक्रवारी रांगेतली माणसे येताजाता माझा आकडा बघतात. इतक्या दिवसांनी मी पुन्हा कामावर आहे.

गेल्या जूनमध्ये पियूष पुन्हा आला. या वेळी तो खुर्चीवर बसला. त्याच्या आधी अकरा जण होते, आणि ताईंनी त्याला बाराव्या क्रमांकावरच ठेवले. कंपनीने सगळा दोष त्याच्या नावावर टाकून त्याला काढले होते. त्याने एका अरबी कागदावर सही केली होती आणि त्यात 'सगळे मी माझ्या मनाने केले' असे लिहिले होते. त्याला ती फॉर्मॅलिटी वाटली होती. काचेच्या दारावाल्याकडे तोही जाऊन आला होता, आणि तीच फी ऐकून उठला होता.

मला वाटले, आता ताई त्याला जिना दाखवतील. मला तेच हवे होते. ताईंनी त्याला थांबायला सांगितले आणि बाल्कनीत येऊन अब्बासला आवाजी निरोप पाठवला. ज्याने तुला फसवले तो मदत मागायला आला आहे, त्याचे काम मी घेतले तर तुझी हरकत आहे का, असे विचारले. त्या म्हणाल्या की हे विचारल्याशिवाय मला पेन उचलता येणार नाही.

पाऊण तासाने उत्तर आले. माझ्या शेजारी उभ्या राहून त्यांनी ते ऐकले. मागे दुकानातले गिऱ्हाईक बोलत होते.

"लिवून द्या ताई त्यांचं," अब्बास म्हणत होता. "माझं बी तुम्हीच लिवलं. पण त्यांनी मला फोन करू नये. फळं बी पाठवू नये."

ताई आत गेल्या. पियूषला म्हणाल्या की पहिल्या दिवसापासून लिहा, केबिनमधल्या चहापासून. त्याने चार पाने लिहिली, स्वतःच्या सुरेख अक्षरात. कपाटावरचे, रजिस्टरचे, दवाखान्यातले, काहीही वगळले नाही. मी काचेतून पाहत होतो. तो खरे लिहीत होता, कारण आता खरे लिहिण्यात त्याचा फायदा होता. हे त्याला स्वतःलाही कळत असावे, कारण शेवटच्या पानावर त्याने पेन खाली ठेवले आणि ताईंना विचारले की आता याला काही किंमत आहे का?

"उशिराच्या खऱ्याचाही अर्ज होतो," ताई म्हणाल्या. "सही करा. आधी वाचा, मग करा."

त्याने चारही पाने पुन्हा वाचली आणि सही केली. जियादने ती टाइप करायला घेतली. त्या पानांत अरुणकुमार साहेबांचे नाव पहिल्यांदाच कागदावर आले आहे. पुढे काय होते ते पाहू.

मित्रांनो, माझ्या जातीचे आत्मवृत्त संपताना यंत्राने म्हणायचे असते की मला धुळीपासून जपा, माझी निगा राखा. मला ते म्हणायचे नाही. धूळ माझे काही बिघडवत नाही. मला बिघडवले ते जपणाऱ्यांनी. म्हणून मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी अनेकांचे आईबाबा इथे मोठ्या कामांवर मोठ्या जागी आहेत. ते घरी आले की मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा, कसेही विचारा: आज तुमच्या साइटवर आकडा किती होता, आणि मीटर कुठे ठेवला होता? त्यांनी चटकन उत्तर दिले तर त्यांना गार पाणी नेऊन द्या. आणि ते हसून "तुला काय करायचंय?" म्हणाले, तर हसू नका, तिथेच उभे राहा आणि पुन्हा विचारा.